सालीचा रंग पक्का की कच्चा

आमच्या घरात सफरचंद सालीसकट कधीच खाल्लं गेलं नाही. सोलून, फोडी करून, वर चिमूटभर मीठ टाकून ते ताटलीत यायचं, आणि तेही घरात कुणी आजारी असलं तरच. धडधाकट माणसानं सफरचंद खाणं ही आमच्याकडे चैन समजली जायची. ताप आला की सफरचंद, ताप उतरला की पुन्हा केळं. त्यामुळे लहानपणी मला सफरचंद आवडायचं की ताप आवडायचा, हे अजून नीट सांगता येत नाही.

साल काढायचा कायदा बाबांचा होता. बाबा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये कापड रंगवण्याच्या कारखान्यात डाईंग मास्टर होते आणि आम्ही राहायचोही तिथंच जवळ. त्यांचं काम म्हणजे शेड जुळवणं. गिऱ्हाईक एखादी चिंधी आणून टाकायचं, ‘मास्टर, असाच माल पाहिजे’ म्हणायचं, आणि बाबा ती चिंधी दारात नेऊन उजेडाला धरायचे. मान तिरकी करायचे, डोळे बारीक करायचे, आणि कुठला रंग किती घालायचा ते बोलून टाकायचे. दोन लाल चिंध्या समोर ठेवल्या तर आम्हाला त्या सख्ख्या बहिणी वाटायच्या. बाबांच्या लेखी त्यांची साधी ओळखही नसायची. त्या नजरेचा सगळ्या गल्लीत दरारा होता आणि आम्हाला तिचा भारी अभिमान होता.

पण त्या धंद्यानं त्यांचा एक समज करून टाकला होता. जगात जो रंग दिसतो तो कुणीतरी लावलेला असतो, प्रश्न एवढाच की तो पक्का लावलाय की कच्चा. परीक्षाही ठरलेली: गरम पाणी, सोडा आणि पांढरा रुमाल. रंग सुटला की माल नापास. ही परीक्षा ते कारखान्यात ठेवून घरी आले असते तर बरं झालं असतं. पण घरात आलेली प्रत्येक रंगीत वस्तू त्या परीक्षेला बसायची. नवी चादर, राखीचा गोंडा, कलिंगडाची फोड, हिरवे मटार. माझ्या लग्नाच्या वेळी दुकानात, सासरच्या मंडळींच्या देखत, त्यांनी शालूचा पदर ओल्या रुमालावर घासला होता. शालू पास झाला. माझ्या सासूबाई मात्र पुढे कितीतरी वर्षं तो घासलेला कोपरा पाहुण्यांना दाखवत राहिल्या.

बाबांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण आमच्या घरामागून नाला जायचा आणि त्या पाण्याला स्वतःचा असा रंग मी कधी पाहिलाच नाही. नाला जांभळा दिसला की आई म्हणायची, जांभळी ऑर्डर चालू आहे, आज ह्यांना उशीर होणार. आपल्या हातांनी ओतलेला रंग रोज असा वाहत जाताना ज्यानं पाहिला, त्याचा फळाच्या तांबडेपणावर विश्वास बसावा तरी कसा? सफरचंदाला मेण फासतात हे तर सगळेच म्हणायचे. बाबा म्हणायचे, वर मेण आहे म्हणजे खाली रंग असणारच. मग आई साल काढायची आणि शेजारच्या बकरीला घालायची. बकरीला रंग चालत असावा.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले, उल्हासनगरच्याच एका कॉलेजात शिकवायला लागले, लग्न होऊन बदलापूरला आले, आणि तरीही सफरचंद सोलूनच खात राहिले. इतकी पुस्तकं वाचली, पण सुरी हातात आली की हात आईसारखेच चालायचे. साल का काढतोय, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. त्यानंतर बाबा आमच्याकडे बदलापूर गावात राहायला आले, आणि आल्यापासून त्यांची एकच तक्रार सुरू झाली. जगातले रंग बिघडलेत.

“हल्ली हळदीत राम राहिला नाही,” ते आमटी बघून म्हणायचे. देवळावरचा झेंडा विटलाय. झेंडूला तजेला नाही. माझ्या नव्याकोऱ्या साडीला ते एकदा म्हणाले, “हे पोतेरं नेसून कॉलेजात जातेस? पोरं काय म्हणतील?” मला आधी हे सगळं खरंच वाटलं. जन्मभर ज्याचा शब्द रंगाच्या बाबतीत शेवटचा होता, त्याच्यावर संशय कोण घेणार? मी हळदवाल्याशी भांडून आले. तो बिचारा ‘ताई, सांगलीचा माल आहे’ म्हणून शपथा घेत होता, आणि मी त्याला बाबांच्या थाटात ‘कच्चा आहे’ म्हणून सुनावत होते.

मग एक दिवस बाबा फिरायला निघाले तेव्हा त्यांच्या एका पायात निळा मोजा होता आणि दुसऱ्यात काळा. मी दारात उभी राहून बघतच राहिले. दोन लालांमधला केसाइतका फरक ओळखणारा माणूस निळा आणि काळा मोजा घालून, ऐटीत जिना उतरत होता.

अंबरनाथला डोळ्यांचा डॉक्टर गाठला. तरुण होता, पण बोलायला नीट. त्यानं बाबांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाला, “दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. जुना आहे, भिंग पार तपकिरी झालंय. बरीच वर्षं हे चालू असणार. अगदी हळूहळू होतं ना, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही.” ऑपरेशन आता सोपं आहे, पण आणखी थांबलात तर भिंग कडक होत जाईल आणि मग कठीण होऊन बसेल, हेही त्यानं स्पष्ट सांगितलं.

बाबा बाहेर आले ते लालबुंद होऊन. “ज्या डोळ्यांनी मी जन्मभर शेड पास केले, त्यांना हा नापास करतो? माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय? रंगच कच्चे येतात आजकाल!”

“बाबा, झेंडू कारखान्यात बनत नाही,” मी म्हटलं.

“खतं कसली घालतात ते बघ आधी.”

पुढचे काही महिने आमच्या घरात हाच वाद चालला. मी चिडायचे, ते त्याहून चिडायचे. चिडणं मला त्यांच्याकडूनच मिळालंय, त्यामुळे कुणी माघार घेत नव्हतं. त्यांना उचलून तर ऑपरेशनला नेता येत नाही. आणि दिवस जात होते तसा माझा जीव टांगणीला लागत होता, कारण दर आठवड्याला त्यांचं जग आणखी थोडं अंधारत होतं आणि त्याचा दोष ते जगालाच देत होते. एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना रिक्षा त्यांच्या अंगावर येता येता थांबली. ते पडले, कोपर सोलवटलं. घरी आल्यावर म्हणाले, हल्ली रिक्षावाले दिवेच लावत नाहीत.

ह्याच सुमारास कॉलेजात माझं ते प्रात्यक्षिक आलं. दरवर्षी मी मुलांना आम्ल आणि अल्कलीची ओळख जास्वंदीच्या रसानं करून देते. त्या दिवशी जास्वंदीला एकही फूल नव्हतं. स्टाफरूममध्ये एक मॅडम डब्यातलं सफरचंद सोलत होत्या (हो, त्याही सोलूनच खातात) आणि त्यांच्या समोर लालभडक सालींचा ढीग पडला होता. चालतंय का बघू, म्हणून मी त्या साली उचलल्या, बारीक चिरल्या आणि गरम पाण्यात टाकल्या. पाणी जेमतेम गुलाबीसर झालं. त्यात लिंबाचा रस पडला तसं ते गुलाबी उजळलं. दुसऱ्या नळीत सोडा टाकला तर गुलाबी गेलं आणि हिरवट, पिवळट, शेवाळ्यासारखं काहीतरी झालं. त्यात पुन्हा लिंबू पिळलं, फसफसलं, आणि गुलाबी परत आलं. मुलं टाळ्या वाजवत होती. मी टेबलाला टेकून उभी होते. इतकी वर्षं मी हे टोपलीत फेकत आले होते.

त्या संध्याकाळी मी वाचत बसले आणि माझा चहा गार होऊन गेला. सालीतला तो लाल म्हणजे अँथोसायनिन, जांभळात नि कोकमात असतो त्याच घराण्यातला. त्याच्या जोडीला क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं. ते कांद्यातही असतं, पण सफरचंदात बघायला गेलं तर जवळजवळ सगळंच्या सगळं सालीत. आतल्या गरात नावापुरतं. आणि ते मेण, ज्याच्यावरून बाबांनी जन्मभर आकांत केला, त्यातलं थोडं तरी सफरचंदाचं स्वतःचं असतं. व्यापारी वरून लावतात ते वेगळं, पण फळ झाडावर असल्यापासून आपल्या अंगाला आपलं मेण माखत असतं, आणि त्या मेणात अर्सोलिक आम्ल म्हणून एक पदार्थ असतो. तो तुळशीच्या पानातही असतो. काश्मीरच्या डोंगरातलं ते झाड आणि आमच्या खिडकीतली तुळस, दोघं एकच गोष्ट करायला शिकली आहेत, हे वाचून मी उठून तुळशीकडे बघून आले.

पण मला खरं वेडं केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सफरचंद लाल होतं ते ऊन लागतं म्हणून. ज्या बाजूला ऊन, ती बाजू तांबडी. एखादं पान फळाला चिकटून राहिलं तर त्या पानाच्या आकाराची फिकट जागा सालीवर तशीच राहते. फळाला उठून सावलीत जाता येत नाही. ते फांदीला लटकलेलं, वर ऊन तापतंय, आणि आपल्याला ऊन लागतंय हे त्या सालीला कळतं आणि ती स्वतःच्या आत स्वतःची सावली तयार करते. नखाहून पातळ साल! तिच्यात ऊन अडवायची सोय, बुरशी-किडीला दूर ठेवायची सोय, पाणी आत धरून ठेवायची सोय. आम्ही अंबरनाथच्या औद्योगिक पट्ट्यात एवढाले बॉयलर आणि चिमण्या उभ्या केल्या, आणि ह्या बाईसाहेबांनी सगळा कारखाना त्या एवढ्याशा जागेत, कसला धूर नाही, नाला नाही, असा चालवलाय. मला अक्षरशः हात जोडावेसे वाटले.

ह्या सगळ्याचा आपल्या शरीराला उपयोग होतो का? काचेच्या नळीत ही द्रव्यं शरीराला गंजवणाऱ्या रेणूंना आवर घालताना दिसतात, फळं सालीसकट खाणाऱ्यांचं आरोग्य बरं दिसतं, पण त्यातलं श्रेय नक्की कुणाचं हे कुणीही छातीठोक सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र सफरचंदाची साल गुडघ्यापासून टकलापर्यंत सगळं बरं करते. असले मेसेज वाचले की माझं डोकं सणकतं. साल औषध नाही. पण औषध नाही म्हणून तिचं अप्रूप कमी होत नाही. झाडानं हे आपल्यासाठी केलेलंच नाही. त्यानं ते आपल्या लेकराला ऊन लागू नये म्हणून केलं, आणि आपल्याला त्यात आयता वाटा मिळाला.

बाबांना मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुला कॉलेजात पगार कशाचा देतात गं?”

पुढच्या रविवारी आमच्या कॅम्प पाचच्या जुन्या शेजारीण आंटी आल्या. सिंधी. आईची जिवाभावाची मैत्रीण. बाबांना त्या ‘अदा’ म्हणतात, म्हणजे भाऊ. अदा पडले हे कळल्यावर त्या पिशवीभर सफरचंदं घेऊन थेट बदलापूरला आल्या होत्या, कारण आजाऱ्याला बघायला सफरचंदाशिवाय जाणं त्यांनाही पटत नाही. मी सुरी घेऊन बसले तर म्हणाल्या, “छोड ना बेटा, छीलती काय को?” त्यांनी मिठाच्या पाण्यात एक सफरचंद चोळचोळून धुतलं आणि सरळ सालीसकट कचकन तोडलं.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. “आंटी, थुंका ते! रंग लावलेला असतो!”

“अरे सांईं, मी सत्तर साल हेच खाते. मेली काय?”

“तुम्ही पक्क्या आहात. माल कच्चा आहे.”

आंटी खदाखदा हसल्या. मला मात्र त्या क्षणी काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, “बाबा, मग करूनच टाका टेस्ट. तुमच्या पद्धतीनं. सोडा घाला.”

बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. बाह्या सरसावून ते ओट्यापाशी आले. सगळ्यांत तांबडी सफरचंदं आंटींनी निवडून दिली, मी सोलली, साली बारीक कापून काचेच्या ग्लासात गरम पाण्यात टाकल्या. बाबांनी थोडा वेळ जाऊ दिला, चमच्यानं ढवळलं, साली बाजूला काढल्या आणि खाण्याचा सोडा चिमटीनं सोडला. पाणी बघता बघता गढुळलं, हिरवट तपकिरी झालं.

“सुटला!” बाबांनी ओट्यावर हात आपटला. “बघा! नुसत्या चिमूटभर सोड्यात सुटला. ह्याला म्हणतात कच्चा रंग. आंटी, हे खाल्लंत तुम्ही.”

आंटींचा चेहरा खरंच जरा उतरला. मी लिंबू कापलं.

“थांबा. लावलेला रंग सुटला तर सुटला. तो परत येईल का?”

“गेलेला रंग कुणाच्या बापाला परत आणता येत नाही,” बाबा म्हणाले. ते त्यांचं चाळीस वर्षांचं ज्ञान होतं.

मी लिंबू पिळलं. फेस आला, विरला, आणि ग्लासाच्या वरच्या अंगापासून खालपर्यंत गुलाबी उतरत गेलं. फिकं, पण स्वच्छ. तान्ह्या बाळाच्या तळव्याचं असतं तसं. कॉलेजात बघून झालं होतं तरी माझ्या अंगावर काटा आला.

“हाय! गुलाबी!” आंटींनी दोन्ही हात गालांना लावले. “अदा, देखो तो! गुलाबी हो गया!”

बाबा ग्लासाकडे बघत होते.

“कुठाय?” ते म्हणाले.

आधी मला वाटलं, हट्ट करतायत. हरणं त्यांना जमत नाही. पण त्यांनी ग्लास उचलला आणि खिडकीशी नेला. खिशातला पांढरा रुमाल काढून ग्लासामागे धरला. मान तिरकी केली, डोळे बारीक केले. लहानपणापासून पाहिलेली ती सगळी तयारी मी पुन्हा पाहत होते. आमच्या खिडकीत दुपारचं लख्ख ऊन होतं. रुमालावर गुलाबी कवडसा पडला होता. आंटींना दिसत होता, मला दिसत होता.

“मळकं पाणी आहे,” बाबा म्हणाले. आवाज खाली आला होता. “आहे तसंच आहे.”

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. इतके महिने मी बाबांना हेच पटवत होते, आणि आता ते समोर पटत असताना मला ते थांबवावंसं वाटत होतं.

बाबांनी ग्लास खाली ठेवला नाही. तो तसाच धरून ते मला म्हणाले, “खरंच आलाय?”

“हो, बाबा.”

“नीट बघून सांग. माझं मन राखायला नको.”

“आलाय. गुलाबी आहे. फिका, पण नितळ.”

“गेलेला परत आला,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग आंटींकडे वळले. “तुम्हाला पण दिसतोय?”

आंटींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. मग लक्षात आलं की त्यांना ती नीट दिसली नसेल, म्हणून मोठ्यानं म्हणाल्या, “दिसतोय, अदा.”

बाबांनी ग्लास अगदी जपून ओट्यावर ठेवला. “त्या पोराला फोन लाव,” ते म्हणाले. “अंबरनाथच्या.”

दिवाळीच्या आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरनं विचारलं, “काय दिसतंय?” बाबा डॉक्टरच्या टेबलाकडे, त्यावरच्या फायलींकडे, माझ्या ओढणीकडे नजर फिरवत राहिले. मला धडकी भरली. काही चुकलं की काय?

रिक्षात बसून अंबरनाथहून बदलापूरकडे निघालो, एका दुकानाबाहेर प्लास्टिकची निळी पिंपं एकावर एक रचून ठेवली होती. बाबांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “थांबव रे जरा.”

“क्या हुआ अंकल?”

“निळा आहे,” बाबा म्हणाले.

पिंपं होती. पाणी भरायची. बाबा त्यांच्याकडे असे बघत होते की रिक्षावाल्यानंही मान वळवून बघितलं. डॉक्टरनं मला नंतर सांगितलं, तपकिरी भिंग निळा रंग सगळ्यांत आधी गिळतं. एवढा निळा बाबांनी किती वर्षांत पाहिला नव्हता, कुणाला ठाऊक. बाबा हसले, मग त्यांचा ओठ थरथरला. मी दुसरीकडे बघितलं, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि डॉक्टरनं त्यांना रडायचं नाही म्हणून बजावलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी सफरचंद मागितलं. सोललेलं नको, अख्खं. धुऊन दिलं. ते खिडकीत बसले आणि ते फळ हातात फिरवत राहिले. बराच वेळ. मध्येच मला हाक मारली.

“हे बघ. ही बाजू सावलीत होती. पिवळी राहिलीय.”

“हो.”

“आणि हे लाल. देठापासून खाली बारीक बारीक रेघा आल्यात, दिसतात तुला? मध्ये पिवळे ठिपके. कुठं दाट, कुठं विरळ.” त्यांनी अंगठा सालीवरून फिरवला. “माणूस रंगवेल तर एकसारखं रंगवेल गं. आम्ही जन्मभर त्यासाठीच मेलो, कापडाच्या थानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रंग एकसारखा यावा म्हणून. हे कुणी लावलेलं नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “हे कुणाला जमणारही नाही.”

आणि त्यांनी ते सालीसकट खाल्लं. हळू हळू चावून. “तुरट आहे,” म्हणाले. “वासही सगळा सालीलाच आहे. आपण आतलं पाणीच खात होतो.”

दुपारी त्यांना एक खेळ सापडला. डावा डोळा अजून व्हायचा होता, तो पुढच्या महिन्यात. ते एक डोळा झाकायचे, मग दुसरा. उजव्यानं भिंत पांढरी, डाव्यानं चहाच्या पाण्यानं पुसल्यासारखी. उजव्यानं आकाश, डाव्यानं पोतं. “उजवा... डावा... उजवा...” खुर्चीत बसून पोरासारखं चाललं होतं. मी पोळ्या लाटता लाटता हसत होते.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. उजव्यानं. मग डाव्यानं. मग पुन्हा उजव्यानं. आणि खेळ थांबला.

“तुझी आई,” ते म्हणाले, “तिला मी ह्या डोळ्यानं बघितली.” त्यांचं बोट डाव्या डोळ्यावर होतं.

मी गॅस बंद केला.

“शेवटी शेवटी ती फिकी पडत चालली होती. तोंड पिवळं. मला रोज दिसत होतं, विटत चाललीय. मी म्हणायचो, तुला काहीतरी झालंय, डॉक्टरकडे चल. ती हसायची. म्हणायची, मी ठणठणीत आहे. मी जास्त मागं लागलो नाही.” ते थांबले. “तीन वर्षं हेच डोक्यात आहे. दिसत असून मी काही केलं नाही.”

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तीन वर्षं आम्ही हळदीवरून आणि झेंडूवरून भांडलो, आणि आत हे होतं.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. “बाबा, आई पिवळी पडली नव्हती. अजिबात नाही. ती गेली त्याच्या आदल्या रविवारी मी आले होते, तेव्हा ती गच्चीवर पापड घालत होती. चांगली तकतकीत होती.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतेय.”

“कशी होती? मला सांग. रंग सांग.”

मी आठवून आठवून सांगितलं. सावळी, पण तांबूस सावळी. उन्हात काम केलं की गालांच्या वरच्या बाजूला आणखी तांबूस व्हायची. कानाच्या पाळ्या त्याहून फिक्या. ओठ गडद. कपाळावर कुंकवाच्या खाली एक उजळ ठिपका, रोज तिथंच कुंकू लावून लावून पडलेला. बाबा ऐकत होते, मान जरा तिरकी करून.

माझं सांगून झालं तेव्हा त्यांनी दोन्ही डोळे मिटून घेतले. डोळे दुखतायत का, म्हणून मी विचारायला गेले.

“थांब, बोलू नकोस,” ते म्हणाले. “बघू दे.”